श्वेबिशे आल्बच्या माथ्यांवर पायी आणि सायकलने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि पुण्याहून नोकरीनिमित्त या भागात येणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्याही आता लहान राहिलेली नाही. स्टुटगार्टहून दक्षिणेकडे पाहिल्यावर क्षितिजावर एक लांब निळसर भिंत दिसते; तीच श्वेबिशे आल्ब. ‘तिथे जायचे कसे, आणि सायकलने जाता येईल का’ हा प्रश्न नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या उन्हाळ्यात विचारतो. गेली काही वर्षे तीच उत्तरे पुन्हा पुन्हा देत आल्यामुळे ती येथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

श्वेबिशे आल्ब ही डोंगररांग आहे का?

दुरून ती तशी दिसत असली तरी ती रांग नाही. हे सुमारे दोनशे किलोमीटर लांब आणि साधारण चाळीस किलोमीटर रुंद असे चुनखडीचे पठार आहे. त्याची वायव्येकडची बाजू तुटलेली असून काही ठिकाणी पायथा आणि माथा यांच्यात जवळजवळ चारशे मीटरचा फरक पडतो. या तुटलेल्या कडेला ‘आल्बट्राउफ’ म्हणतात. आग्नेयेकडे मात्र पठार हळूहळू उतरत डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात मिसळते. ज्याने कोकणातून घाटमाथा पाहिला आहे त्याला ही रचना लगेच उमगते: खालून पाहिले की डोंगर, वर पोहोचले की शेते, गावे आणि डांबरी रस्ते. त्यामुळे येथे ‘शिखर सर करणे’ ही कल्पना थोडी बाजूला ठेवावी लागते. बहुतेक माथे म्हणजे पठाराच्या कडेची पुढे आलेली टोके आहेत, किंवा मूळ पठारापासून झीज होऊन सुटे पडलेले एकांडे डोंगर आहेत. रॉयटलिंगेनजवळचा ७०७ मीटर उंचीचा आखाल्म आणि ज्यावर प्रसिद्ध किल्ला उभा आहे तो ८५५ मीटरचा होहेनत्सोलर्न हे असे सुटे पडलेले डोंगर होत. पठाराची कड लाखो वर्षे मागे हटत आली आणि हे तुकडे पुढे उभे राहिले.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे सोपे जाईल का?

चढाच्या दृष्टीने सोपे जाईल, मात्र खडक आणि पाणी या दोन बाबतीत सह्याद्रीची सवय फसवते. आपला काळा कातळ हा लाव्हारस थिजून झालेला बेसाल्ट असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आल्बचा पांढरा खडक त्याच्या दुपटीहून जुना, जुरासिक काळातील उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला आणि स्पंजांनी बांधलेला आहे. पायवाटेवर शिंपल्यांचे आणि शिंगासारख्या वळणदार शंखांचे ठसे सापडतात ते त्यामुळेच. बेसाल्टला बूट धरतो, अगदी पावसातही बऱ्यापैकी धरतो. चुनखडी वेगळी वागते; तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

गंमत म्हणजे ज्वालामुखीची ओळख येथेही पूर्ण तुटत नाही. ऊराख आणि किर्शहाइम यांच्या परिसरात साडेतीनशेहून अधिक प्राचीन ज्वालामुखी-नळ्या चुनखडी फोडून वर आलेल्या आहेत. मेत्सिंगेनजवळचा ६७३ मीटरचा युसी हा डोंगर त्यांपैकीच एक आहे. तेथे बसून डबा उघडताना घरच्या खडकाचा दूरचा नातेवाईक भेटल्यासारखे वाटते, हे वैयक्तिक मत आहे आणि त्याला भूशास्त्रीय आधार फारसा नाही.

पहिल्यांदाच जात असल्यास कोणता माथा निवडावा?

माझे उत्तर नेहमी टेक हेच असते. पायथ्याच्या गावापर्यंत रेल्वे जाते, चढ स्पष्ट आहे, माथ्यावर किल्ला आणि टेहळणीचा मनोरा आहे. गावाचे नाव रोमन अक्षरांत वाचून कोणीही ‘ओवेन’ म्हणतो, पण स्थानिक लोक त्याला ‘आउएन’ म्हणतात. रस्ता विचारताना हे लक्षात ठेवल्यास समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो. गावापासून ७७५ मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत साधारण पावणेचारशे मीटरचा चढ आहे आणि मध्यम चालीने सव्वा तास पुरतो. सुरुवातीला चेरी-सफरचंदांच्या बागा, मग बीच वृक्षांचे दाट रान, आणि शेवटी एकदम उघडी कड, असा आल्बचा सगळा क्रम या एका चढात पाहायला मिळतो.

दुसरी निवड होहेननॉयफेन. ७४३ मीटरवरचा हा भग्न किल्ला नॉयफेन गावातून साधारण तासाभरात गाठता येतो आणि त्या गावालाही रेल्वे आहे. आजचे बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य १९५२ मध्ये ज्या वाटाघाटींतून जन्मले, त्यांची एक महत्त्वाची बैठक ऑगस्ट १९४८ मध्ये याच किल्ल्यावर झाली होती. तटावरून खाली पाहताना तीन तुकड्यांत विभागलेला मुलूख एकत्र करण्याचे बोलणे अशा जागी का सुचले असावे, ते कळते.

लहान मुले बरोबर असल्यास बाड ऊराखचा धबधबा बरा. त्याच नावाच्या रेल्वे-थांब्यावर उतरून सपाट वाटेने जाता येते, पाणी ३७ मीटरवरून मोकळे पडते, आणि ज्यांना पुढे जायचे आहे त्यांना बाजूच्या पायऱ्यांनी कडेपर्यंत चढता येते.

सर्वांत उंच माथा कोणता, आणि तो सर्वांत चांगला आहे का?

नैर्ऋत्य टोकाकडील गोसहाइम गावाजवळचा लेम्बेर्ग हा १०१५ मीटरचा डोंगर सर्वांत उंच आहे. त्याच परिसरात हजार मीटर किंवा त्याहून उंच असे एकूण दहा माथे आहेत. लेम्बेर्गचा माथा जंगलाने झाकलेला असल्याने तेथे १८९९ मध्ये ३३ मीटरचा लोखंडी मनोरा बांधला गेला. मनोरा चढल्याशिवाय काहीही दिसत नाही, आणि चढल्यावर हवा स्वच्छ असल्यास आल्प्सची हिमरांग दिसते.

सर्वांत चांगला म्हणाल तर नाही. उंचीचा आकडा गाठण्यासाठी जायला हरकत नाही, परंतु ९१२ मीटरच्या त्सेलर हॉर्नवरून समोरच्या सुट्या डोंगरावरचा होहेनत्सोलर्न किल्ला सकाळच्या धुक्यातून वर येताना पाहणे हा त्याहून मोठा अनुभव आहे. तो किल्ला आजच्या रूपात १८५० ते १८६७ या काळात बांधला गेला. आत जाण्यास तिकीट लागते, त्सेलर हॉर्नवरून पाहण्यास लागत नाही.

वाटेत पिण्याचे पाणी मिळते का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नवीन माणूस तो सहसा सर्वांत शेवटी विचारतो. इतका हिरवागार, वर्षभर पाऊस पडणारा प्रदेश पाहून ओढा, झरा काहीतरी भेटेलच असे आपण गृहीत धरतो. पठाराच्या माथ्यावर यांपैकी जवळजवळ काहीही भेटत नाही. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, चुनखडीच्या भेगा विरघळवत खाली उतरते आणि भूमिगत पोकळ्यांतून वाहत जाऊन थेट पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. डोंगराच्या पोटात नद्या आणि पाठीवर कोरड, असे या प्रदेशाचे रूप आहे.

ब्लाउबॉयरेन गावातील ब्लाउटोफ हा असाच एक झरा आहे. साधारण एकवीस मीटर खोल, रंगाने गडद निळा, आणि मागे कित्येक किलोमीटर लांबीची पाण्याने भरलेली गुहा. त्याहून अजब प्रकार इमेंडिंगेनजवळ आहे. तेथे खुद्द डॅन्यूब नदी आपल्या पात्रातील खडकात मुरते आणि उन्हाळ्यात बरेच दिवस पात्र पूर्ण कोरडे पडते. १८७७ मध्ये त्या ठिकाणी पाण्यात रंगद्रव्य मिसळण्यात आले आणि सुमारे अडीच दिवसांनी, दक्षिणेला जवळजवळ बारा किलोमीटरवर, आखटोफ नावाच्या झऱ्यातून रंगीत पाणी बाहेर पडले. तो झरा ऱ्हाईन नदीला मिळतो. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी डोंगराच्या पोटातून वाट चुकून उत्तर समुद्राला जाते.

माथ्यावरच्या गावांनी याची किंमत शतकानुशतके मोजली. छपरावरून उतरलेले पावसाचे पाणी हौदात साठवायचे, गावाच्या मध्ये चिकणमातीने तळ लिंपलेल्या डबक्यात गुरांसाठी पाणी धरायचे, आणि कडक उन्हाळ्यात बैलगाडीने खालच्या दरीतून पिंपे वर आणायची, अशी रीत होती. कार्ल एमान या अभियंत्याच्या योजनेतून १८७१ पासून दरीतील नदीच्याच शक्तीवर पंप चालवून पाणी वर चढवले जाऊ लागले, तेव्हा हा वनवास संपू लागला. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यांत नळयोजनेच्या पहिल्या धारेला हार घालतात. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना या पठारावरच्या लोकांना त्या दिवशी काय वाटले असेल ते समजावून सांगावे लागत नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की पायी जाताना माणशी किमान दीड लिटर आणि उन्हाळ्यात सायकलवर दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्यावे. सायकलस्वारांची एक जुनी युक्तीही येथे सांगतो: माथ्यावरच्या प्रत्येक गावात दफनभूमी असते आणि तिथे फुलझाडांना पाणी घालण्यासाठी नळ असतो. शेजारी हिरव्या झाऱ्या आकड्यांना टांगलेल्या असतात. ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी जर्मन पाटी नसेल तर बाटली भरून घेण्यास कोणी आक्षेप घेत नाही. मात्र हेल्मेट काढावे, आवाज करू नये आणि सायकल फाटकाबाहेरच ठेवावी.

पावसानंतर लगेच गेले तर चालते का?

जाण्यास हरकत नाही, परंतु कड्याच्या वाटा टाळाव्यात. हजारो बुटांनी घासलेली चुनखडी ओली झाली की साबण लावलेल्या फरशीसारखी होते, आणि तिच्यावर बीचची पाने कुजत पडलेली असली तर ती दिसतही नाही. दुसऱ्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, राजगड-तोरणा करून आलेल्या आत्मविश्वासाने मी बाड ऊराखच्या वरच्या उतारावर धावत उतरलो. एका पांढऱ्या, गुळगुळीत दगडावर डावा पाय टेकला तो टेकलाच नाही. मनगट सुजले, तीन आठवडे गिअर बदलताना दुखत राहिले, आणि मागून येणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याने आपल्या दोन-दोन काठ्या टेकत, अत्यंत सौजन्याने, माझी पाण्याची बाटली शोधून दिली. तेव्हापासून काठ्या या म्हाताऱ्यांच्या वस्तू आहेत असे मी म्हणत नाही.

ऑक्सेनवांगच्या ब्राइटेनश्टाइनसारख्या उघड्या कडांवर, म्हणजे सुमारे ८११ मीटर उंचीच्या त्या रुंद खडकावर, कठडा नाही. गाडी जवळपर्यंत जात असल्याने तेथे कुटुंबे मोठ्या संख्येने येतात आणि फोटोसाठी मागे सरकत जातात. लहान मुलांचा हात धरूनच उभे राहावे.

दरड कोसळण्याचा धोका असतो का?

रोजच्या फिरण्यात तो फारसा नसतो, पण कडेची जडणघडण त्या प्रकारचीच आहे. वर कठीण चुनखडी आणि खाली चिकणमातीचे थर अशी रचना असल्यामुळे खालचे थर पाण्याने फुगले की वरचा भार घसरतो. १२ एप्रिल १९८३ रोजी मोसिंगेन गावावरच्या हिर्शकोफ डोंगराचा मोठा भाग असाच खचला आणि कितीतरी हेक्टर जंगल उभ्या झाडांसह खाली सरकले. ती जागा आता संरक्षित आहे. तिथून जाणाऱ्या ड्रायफ्युर्स्टेनश्टाइग या वाटेवरून पांढरा, नागडा उतार आणि त्यावर चार दशकांत नव्याने उगवलेले रान समोरासमोर पाहता येते. मुसळधार पावसानंतर आणि हिवाळ्यातील बर्फ वितळताना काही वाटा बंद ठेवल्या जातात. लाल-पांढरी पट्टी दिसली तर ती ओलांडू नये.

वाटा कशा ओळखाव्यात?

१८८८ मध्ये स्थापन झालेली श्वेबिशर आल्बफेराइन ही पदभ्रमण संस्था स्वयंसेवकांच्या बळावर हजारो किलोमीटर वाटांची निगा राखते. पठाराच्या उत्तर कडेने डोनाउव्योर्थपासून टुटलिंगेनपर्यंत जाणारी साडेतीनशे किलोमीटरहून लांब वाट लाल त्रिकोणाने दाखवलेली असते आणि बहुतेक प्रसिद्ध माथे तिच्यावरच येतात. फाट्यांवरच्या पाट्यांवर अंतर बहुधा किलोमीटरमध्ये लिहिलेले असते, वेळेत नाही. चढ धरून तासाला तीन किलोमीटर असा हिशोब ठेवला तर फारसे चुकत नाही. दरीत मोबाईलचा सिग्नल जातो, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

सायकलने वर चढणे कितपत अवघड आहे?

दरीतून माथ्यावर जाणाऱ्या घाटरस्त्याला येथे ‘श्टाइगं’ म्हणतात. साधारण चार ते सहा किलोमीटरमध्ये तीनशे-साडेतीनशे मीटर चढ, असे त्याचे नेहमीचे माप असते. खंबाटकी किंवा दिवेघाट सायकलने चढलेल्या माणसाला हे नवीन नाही. फरक इतकाच की येथे अर्ध्या तासात घाट संपतो आणि पुढे पठारावर दिवसभर चालवता येते. मात्र ‘पठार’ या शब्दाने फसू नये. पठार सपाट नसून लाटांसारखे आहे. वीस-तीस मीटरचे उतार-चढ अखंड चालू राहतात आणि संध्याकाळी बेरीज केल्यावर घाटापेक्षा त्यांनीच जास्त दमवले असे लक्षात येते.

मुख्य राष्ट्रीय मार्गांचे घाट टाळावेत. रविवारी दुपारी त्यांवर मोटरसायकलींची रांग असते आणि वळणावर त्या आतून येतात. प्रत्येक दरीतून एखादा दुय्यम रस्ता किंवा जंगलखात्याचा खडीचा रस्ता वर जातोच. तो दोन किलोमीटरने लांब असला तरी निवडावा. पुढच्या लहान दाताळ चक्राशिवाय, म्हणजे शहरात वापरायच्या सात गिअरच्या सायकलवर, सामान लादून वर जाण्याचा हट्ट करू नये. उतरताना रिम ब्रेक असतील तर ते सतत दाबून न ठेवता थांबून थांबून दाबावेत, आणि निघण्यापूर्वी पॅड पाहावेत. खडीवर चुनखडीचे तुकडे धारदार असतात, त्यामुळे एक जादा ट्यूब, पंप आणि टायर-लिव्हर बरोबर असणे आवश्यक आहे. मी एकदा दोन पंक्चर एकाच दुपारी काढली आहेत.

ई-बाइकबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. येथे घाट चढणाऱ्यांत मोठी संख्या साठीच्या पुढच्या लोकांची असते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ती असते. फक्त बॅटरी चढावर सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात संपते हे गृहीत धरावे.

जंगलातल्या अरुंद वाटेने सायकल नेता येते का?

चालवत नेता येत नाही. या राज्याच्या वनकायद्यानुसार जंगलात दोन मीटरपेक्षा कमी रुंदीच्या वाटेवर सायकल चालवण्यास मनाई आहे, खास सायकलसाठी मोकळ्या केलेल्या वाटांचा अपवाद सोडून. या नियमावर माउंटन-बाइकवाल्यांची अनेक वर्षांची नाराजी आहे आणि ती मला समजते. तरीही टेकच्या वाटेवर समोरून आजीबाई, मागून मुलांची शाळेची सहल आणि बाजूला उघडी कड असताना नियम कशासाठी आहे हेही समजते. उतरून सायकल हाताने ढकलत नेण्यास बंदी नाही. रुंद वाटेवरही पायी चालणाऱ्यांचा मान पहिला: दुरून घंटी, वेग कमी, आणि ओलांडताना एक ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे इथला नमस्कार.

रेल्वेत सायकल घेता येते का?

प्रादेशिक गाड्यांत घेता येते. राज्यातील बहुतेक प्रादेशिक गाड्यांत आणि स्टुटगार्टच्या एस-बान या उपनगरी रेल्वेत सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते नऊ ही गर्दीची वेळ सोडल्यास सायकलचे वेगळे भाडे पडत नाही. त्या वेळेत मात्र तिकीट लागते. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले आणि नंतर महाग होत गेलेले जर्मनी-तिकीट या सर्व गाड्यांत चालते, पण ते माणसाचे तिकीट आहे, सायकलचे नाही. लख्ख उन्हाच्या रविवारी नऊ-दहाच्या गाडीत सायकलचा डबा खचाखच भरतो आणि गार्ड पुढच्या गाडीने या असे सांगतो. आठच्या आधी निघावे. मे ते ऑक्टोबर या काळात रविवारी आणि सुटीच्या दिवशी काही मार्गांवर सायकल वाहून नेणाऱ्या बसही दरीतून माथ्यावर सोडल्या जातात.

चढ न चढता माथ्यावर सायकल फिरवता येईल का?

होय, आणि यात लाजण्यासारखे काही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वेंडलिंगेन ते उल्म हा नवा लोहमार्ग सुरू झाला आणि त्यावर थेट पठारावर मेर्क्लिंगेन हे स्थानक झाले. बोगद्यातून गाडी वर येते आणि आपण माथ्यावरच उतरतो. तिथून सायकलने साधारण पंधरा किलोमीटरवर, बहुतांश उताराने, ब्लाउबॉयरेन आणि त्याचा निळा झरा गाठता येतो, आणि परतीला तिथूनही रेल्वे आहे. जुना मार्ग १८५० मध्ये गाइसलिंगेनजवळ जो घाट चढला, त्यासाठी गाड्यांना मागून ढकलणारे जादा इंजिन लावावे लागे. आपल्या बोर घाटाची आठवण व्हावी असाच तो प्रकार.

दुसरी जागा म्हणजे म्युंसिंगेनजवळचे जुने लष्करी सरावक्षेत्र. १८९५ पासून २००५ पर्यंत ते सैन्याकडे होते. आता ते जीवावरण राखीव क्षेत्राचा भाग असून रणगाड्यांसाठी केलेले रुंद रस्ते सायकलला खुले आहेत. मात्र आखून दिलेल्या मार्गावरून एक पाऊलही बाजूला टाकू नये, कारण जमिनीत न फुटलेला दारूगोळा अजूनही आहे. सरावासाठी १९३०च्या दशकाअखेर उठवलेल्या ग्रुओर्न गावाचे चर्च आणि शाळा तेवढी उरली आहे. आजूबाजूला घरांच्या जागी गवत आणि मेंढ्या.

कोणता ऋतू चांगला?

एप्रिलच्या मध्यास पायथ्याच्या चेरीबागा फुलतात तेव्हा लेनिंगेनच्या दरीत, मेच्या सुरुवातीला बीचला नवी पालवी फुटते तेव्हा कडेवर, आणि ऑक्टोबरमध्ये सगळीकडे. माथा शहरापेक्षा पाचशे मीटर उंच असल्याने तीन-चार अंश थंड असतो आणि वारा वेगळा. जुलै-ऑगस्टच्या दुपारी वीज-वादळे येतात. उघड्या गवताळ माथ्यावर आणि एकट्या झाडाखाली थांबू नये. डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून डोक्याला लावायचा दिवा नेहमी पिशवीत असावा.

नोव्हेंबरमधील एक प्रकार मात्र चुकवू नये. कधीकधी खाली दरीत आठ-आठ दिवस धुके साचून राहते आणि वर लख्ख ऊन असते. नॉयफेनला उतरलो तर समोरचे घर दिसत नव्हते. चाळीस मिनिटे चढल्यावर धुक्याचा रंग करड्याचा पांढरा, मग पिवळसर झाला, आणि किल्ल्याच्या दारात डोके एकदम उन्हात आले. खाली ढगांचे सपाट पाणी आणि त्यातून वर आलेली टेक, आखाल्म यांची बेटे. भर पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढग खाली असतात तसेच, फक्त बोटे गोठलेली.

गोचिडांबद्दल इतके का सांगितले जाते?

कारण धोका खरा आहे. या राज्याचा जवळजवळ संपूर्ण भाग गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे जोखीमक्षेत्र मानला जातो आणि त्यावर लस उपलब्ध आहे. डॉक्टरांकडे विचारून ती घ्यावी. लाइम आजारावर तशी लस दिली जात नाही. लांब पँट घालावी, घरी परतल्यावर काख, गुडघ्यामागची बाजू आणि मुलांच्या केसांची मुळे पाहावीत, गोचीड चिमट्याने सरळ ओढून काढावा. त्यावर तेल किंवा तूप लावण्याचा घरगुती उपाय करू नये.

गुहांत शिरता येते का?

तिकीट काढून दाखवल्या जाणाऱ्या गुहांत जरूर जावे. मोकळ्या गुहांत माहीतगाराशिवाय जाऊ नये: पाऊस वर पडतो आणि पाणी आत चढते. २०१९ मध्ये फाल्केनश्टाइनर गुहेत असेच दोन जण अडकले आणि त्यांना बाहेर काढावे लागले. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी गुहांत जाण्यास मनाई असते.

झाडाखाली पडलेली सफरचंदे उचलली तर चालतात का?

नाही. बागेला कुंपण नसले तरी प्रत्येक झाडाला मालक आहे. ज्या झाडाच्या खोडाला पिवळी फीत बांधलेली असते त्याची फळे मात्र मालकाने सर्वांसाठी मोकळी केलेली असतात. गवताचेही तसेच आहे. मे-जूनमधील उंच गवत हे गुरांचे हिवाळ्याचे खाणे असते, त्यातून वाट पाडू नये. आणि ऑगस्टमध्ये कोरड्या उतारावर जमिनीला चिकटून फुलणारे चांदीसारखे काटेरी फूल संरक्षित आहे, ते तोडू नये.

शाकाहारी जेवण मिळते का, आणि खाणावळ बंद असेल तर?

काएसश्पेत्सल, म्हणजे चीज घातलेल्या ताज्या शेवया, जवळजवळ सर्वत्र मिळतात. मसुरीची आमटी आणि शेवया हा येथला खास बेत आहे, पण तिच्यात सॉसेज आणि कधी डुकराच्या चरबीची फोडणी असते, म्हणून विचारून घ्यावे. या मसुरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोरड्या चुनखडीच्या जमिनीत पूर्वी येथे मसूर पिकत असे. मग ती शेती बंद पडली आणि स्थानिक वाणही हरवले. १९८०च्या दशकात एका शेतकरी कुटुंबाने मसूर पुन्हा लावायला घेतली आणि २००६ मध्ये जुने वाण सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-संग्रहात सापडले. आज ती घरी आणून, कांदा-लसणाची फोडणी आणि गोडा मसाला घालून केलेली आमटी चांगली लागते; दाणा मात्र शिजायला आपल्या मसुरीपेक्षा वेळ घेतो.

माथ्यावरच्या खाणावळी सोमवारी, बऱ्याच मंगळवारीही, बंद असतात. डबा बरोबर ठेवावा.

अपघात झाल्यास काय करावे?

११२ हा क्रमांक लावावा. जंगलातील वाटांवर काही ठिकाणी हिरव्या पाटीवर पांढऱ्या क्रुसासह आपत्कालीन जागेचा क्रमांक लिहिलेला असतो. तो सांगितल्यास रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते ते त्यांना लगेच कळते. जर्मन येत नसेल तर इंग्रजीत बोलावे, पण गावाचे नाव अक्षरे सुटी करून सांगावे. आउएन आणि ओवेन यांच्यातला घोळ तेव्हा परवडत नाही.